अमली पदार्थांचा तपास एका ठाण्यात का संपत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं सत्र न्यायालयांत बातमीदारी केली. त्यात सगळ्यात जास्त दिवस गेले ते एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या खटल्यांत. हल्ली पालकसभांना किंवा कॉलेजात बोलायला गेलं की तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. तुमच्या घरावर प्रत्यक्ष प्रसंग आला असेल, तर मात्र हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

गल्लीत एक पुडी सापडते आणि पोलीस थेट सांगलीला कसे पोचतात?

मागे मागे जात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने कुर्ल्यात एका महिलेकडून सहाशे ग्रॅमहून थोडं जास्त एमडी, म्हणजे मेफेड्रोन पकडलं. तपास तिथेच थांबवता आला असता. माल जप्त, आरोपी कोठडीत, बातमी छापून आली, झालं. पण तिला माल कोणी दिला, त्याला कोणी दिला, हे विचारत पथक पुढे गेलं. मधल्या दुव्यांत सुरत आलं. आणि मार्चअखेरीस सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात छापा पडला. तिथे एमडी तयार होत होतं, आणि जप्ती शंभर किलोंच्या पुढे गेली. या प्रकरणातले पाहिजे असलेले आरोपी पुढे संयुक्त अरब अमिरातीत असल्याचं कळलं. २०२५ मध्ये सीबीआय आणि इंटरपोलमार्फत त्यांना भारतात आणलं गेलं. खटल्याचं काय होईल ते न्यायालय ठरवेल. पण रस्ता पाहा: कुर्ला, सुरत, इरळी, अमिरात. मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत यातला फक्त पहिला थांबा येतो.

त्याच फेब्रुवारीत पुण्यातही हेच घडलं. सोमवार पेठेतल्या कारवाईपासून सुरुवात झाली आणि धागा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत, तिथून दिल्लीपर्यंत आणि सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत गेला. एकूण जप्ती १,७०० किलोंहून जास्त. पेठेतल्या पुडीवर समाधान मानलं असतं, तर कुरकुंभची भट्टी पेटतीच राहिली असती.

एमडी आपल्याकडेच एवढं का बनतं?

हेरॉइन अफूपासून होतं, कोकेन कोकाच्या पानांपासून. त्यांना शेत लागतं, हवामान लागतं. एमडीला यातलं काही लागत नाही, ते संपूर्ण रासायनिक आहे. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये रसायनांचे कारखाने, बंद पडलेल्या शेड, रसायनशास्त्र शिकलेली मुलं आणि कच्चा माल नेणाऱ्या गाड्या, सगळं एकाच पट्ट्यात आहे. जो उद्योग आपल्याला औषधं देतो, त्याच्याच आडोशाला हे चालतं. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये कायद्याच्या यादीत आलं. त्याआधी ते पकडूनही पोलिसांच्या हाती फारसं काही नसायचं.

आणि एका राज्यात दबाव वाढला की भट्टी सरकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना उघडकीला आणला. वर्षभरानंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गुजरातच्या एटीएसने (दहशतवादविरोधी पथक) आणि केंद्राच्या एनसीबीने (अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणा) मिळून भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीत छापा घातला. तिथे ९०७ किलो मेफेड्रोन सापडलं, आणि अटक झालेल्यांत एक जण नाशिकचा होता. मध्य प्रदेशातला कारखाना, गुजरातचं पथक, महाराष्ट्रातला माणूस. एकट्या राज्याने कितीही जोर लावला तरी हे हाताला लागत नाही.

एका राज्याचे पोलीस दुसऱ्या राज्यात जाऊन अटक करू शकतात का?

हो. विनावॉरंट अटक करता येते अशा गुन्ह्यातल्या आरोपीचा पाठलाग पोलीस भारतात कुठेही करू शकतात. पण अटकेनंतर घड्याळ सुरू होतं. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. सुरतेत पकडलेल्या माणसाला मुंबईला आणायचं, तर जवळच्या न्यायालयातून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला दुसरीकडे नेण्याची परवानगी घेतात. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात, नातेवाइकांना कळवावं लागतं, वैद्यकीय तपासणी करावी लागते. परक्या गावात रात्री दोन वाजता हे सगळं करणाऱ्या चार जणांच्या पथकाला स्थानिक ठाण्याची मदत मिळते की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

स्थानिक पोलिसांना आधी सांगितलं तर खबर फुटत नाही का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. खबर फुटते, कधीकधी. म्हणून पथकं बहुतेकदा छाप्याच्या अगदी आधी स्थानिक ठाण्याला कळवतात आणि स्टेशन डायरीत नोंद करून घेतात. काही पथकं मात्र परस्पर छापा मारून परततात, आणि त्याची किंमत नंतर न्यायालयात मोजावी लागते. पंच कुठून आणले, जागेचा ताबा कोणाकडे होता, शेजाऱ्यांचे जबाब का नाहीत, असे प्रश्न बचावाचे वकील विचारतात. आणि ते विचारायलाच हवेत.

माझं मत विचाराल, तर विश्वास हुकमाने येत नाही. दोन जिल्ह्यांचे निरीक्षक एकमेकांना नावाने ओळखतात, फोन उचलतात, तिथे काम होतं. सीमेवरच्या पोलीस अधीक्षकांच्या संयुक्त बैठका बातमीच्या दृष्टीने कंटाळवाण्या असतात. मीही त्या टाळायचो. आज कळतं की खरं काम तिथेच होत होतं.

एनसीबी, डीआरआय, एटीएस, एएनटीएफ... यांतलं कोण काय करतं?

थोडक्यात सांगतो. एनसीबी ही १९८६ मध्ये स्थापन झालेली केंद्राची खास यंत्रणा. राज्यांमधला आणि देशांमधला मेळ घालणं हे तिचं मुख्य काम, शिवाय ती स्वतः गुन्हेही दाखल करते. डीआरआय ही महसूल गुप्तचर शाखा, बंदरं आणि विमानतळांवर तिचं लक्ष. सीमाशुल्क विभाग आणि तटरक्षक दल यांनाही अधिकार आहेत. राज्यात गुन्हे शाखा, अमली पदार्थविरोधी पथकं आणि राज्यपातळीवरचं एएनटीएफ, म्हणजे अमली पदार्थविरोधी कार्यदल. गुजरातमध्ये मोठी प्रकरणं बहुधा एटीएस हाताळतं. खसखशीच्या परवानाधारक शेतीवर देखरेख ठेवणारं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो वेगळं, त्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला.

एवढ्या यंत्रणा म्हटल्यावर एकाच टोळीवर तिघांची पाळत आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, असं होऊ शकतं. म्हणून २०१६ मध्ये एनकॉर्ड नावाची समन्वय व्यवस्था आली. २०१९ मध्ये तिचे चार स्तर झाले: सर्वोच्च, कार्यकारी, राज्य आणि जिल्हा. जिल्हास्तरीय बैठक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होते. २०२२ पासून ‘निदान’ नावाचं संगणकीय भांडारही आहे. त्यात अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत अटक झालेल्यांची माहिती राहते. पूर्वी ठाणे शहरात पकडलेला माणूस हैदराबादलाही आरोपी आहे, हे कळायला महिने लागायचे. आता ते शोधता येतं. मात्र भांडारात माहिती वेळेवर भरली गेली तरच.

गांजाचं काय? तो तर शेतात होतो.

महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या गांजाचा मोठा भाग आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगराळ पट्ट्यातून येतो: मलकानगिरी, कोरापूट आणि पलीकडची विशाखापट्टणमची एजन्सी, म्हणजे डोंगरातला आदिवासी भाग. तिथून रेल्वेने, ट्रकच्या चोरकप्प्यांतून, भाजीच्या खाली लपवून तो हैदराबाद-सोलापूर मार्गाने किंवा विदर्भातून आत येतो. आंध्र पोलिसांनी २०२१ पासून ‘परिवर्तन’ मोहिमेत हजारो एकरांवरचं पीक उपटलं आणि आदिवासी शेतकऱ्यांना पर्यायी पिकांकडे वळवण्याचा प्रयत्न केला.

हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. सोलापूरच्या नाक्यावर गाडी पकडणं आवश्यकच आहे, पण गाडीचा चालक हा साखळीतला सगळ्यात स्वस्त माणूस. तो आत गेला की दुसरा मिळतो. डोंगरातल्या शेतकऱ्याला हळद-कॉफीतून पोट भरता आलं, तर नाक्यावरचं काम आपोआप हलकं होतं. म्हणजे सोलापूरच्या पोलिसांचं यश काही अंशी त्या डोंगरातल्या पाडेरू गावच्या बाजारभावावर अवलंबून आहे.

समुद्रातून येणारा माल कोण अडवतं?

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी अशा किनाऱ्यांवर चरसची पाकिटं लाटांबरोबर वाहून येऊ लागली. पहाटे फिरायला गेलेल्यांना वाळूत पाकिटं दिसत होती. अशीच पाकिटं त्याआधी कच्छच्या किनाऱ्यावरही सापडली होती. कोकणातल्या लोकांना त्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं असेल की आपल्या समोरच्या पाण्यातून काय काय जातं.

मुख्य मार्ग अरबी समुद्राचा. इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून गलबतं निघतात आणि भर समुद्रात माल दुसऱ्या बोटींवर चढवतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आपलं सार्वभौम पाणी. त्यापलीकडे परदेशी झेंड्याच्या जहाजावर चढायचं, तर सर्वसाधारणपणे झेंडा ज्या देशाचा त्याची संमती लागते, आणि १९८८च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारात त्याची पद्धत दिली आहे. ज्या बोटीला झेंडाच नाही, कागदच नाहीत, तिची गोष्ट निराळी. तस्करांची गलबतं पुष्कळदा तशीच असतात.

काही प्रकरणं आठवा. मे २०२३ मध्ये नौदल आणि एनसीबीने केरळच्या किनाऱ्याजवळ सुमारे अडीच हजार किलो मेथाम्फेटामिन पकडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातच्या किनाऱ्याजवळ नौदल, एनसीबी आणि गुजरात पोलिसांनी तीन हजार किलोंहून जास्त माल पकडला, त्यात बहुतांश चरस. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंदमानच्या समुद्रात तटरक्षक दलाने म्यानमारच्या बोटीवर साडेपाच हजार किलोंच्या आसपास मेथ पकडलं. म्हणजे आता आपल्याला पश्चिमेकडेच नाही, पूर्वेकडेही पाहावं लागतं.

आणि बंदरातून?

न्हावा शेवाला रोज हजारो कंटेनर उतरतात. प्रत्येक उघडून पाहणं अशक्य. नेमकी खबर नसेल तर काही हाती लागत नाही, आणि खबर बहुतेक वेळा दुसरीकडून येते. जुलै २०२२ मध्ये पंजाब पोलिसांच्या माहितीवरून न्हावा शेवाला एका कंटेनरच्या दाराच्या चौकटीत लपवलेलं सुमारे ७३ किलो हेरॉइन सापडलं. त्याच सप्टेंबरात दिल्ली पोलिसांच्या विशेष शाखेने याच बंदरात ज्येष्ठमधाच्या काड्यांवर चढवलेल्या हेरॉइनचा कंटेनर पकडला. सप्टेंबरच्या अखेरीस डीआरआयने वाशीत संत्र्यांचा ट्रक अडवला, त्यात १९८ किलो मेथ आणि ९ किलो कोकेन होतं. संत्री दक्षिण आफ्रिकेहून आली होती. बंदर आपलं, पण माहिती बहुतेकदा पंजाबची किंवा दिल्लीची.

शेजारी देश खरंच मदत करतात का?

काही करतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेच्या नौदलाने दिलेल्या माहितीवरून भारतीय नौदलाने अरबी समुद्रात श्रीलंकेच्या झेंड्याच्या दोन बोटी गाठल्या. त्यांवर सुमारे ५०० किलो मेथ होतं. बोटी, माल आणि माणसं श्रीलंकेच्या ताब्यात दिली गेली. ही सहकार्याची साधी, स्वच्छ रीत आहे: एकाला माहिती, दुसऱ्याकडे विमान आणि जहाज, खटला ज्याचा त्याच्याकडे.

संस्था म्हणाल तर त्या पुष्कळ आहेत. सार्क देशांचा अमली पदार्थविषयक करार १९९० मध्ये मालेला झाला, पण सार्कच थंडावल्यामुळे त्यात जीव राहिलेला नाही. त्या मानाने कोलंबो सुरक्षा परिषद जास्त हालचाल करते. भारत, श्रीलंका, मालदीव आणि मॉरिशसबरोबर बांगलादेशही तिच्यात आला. गुरुग्रामला २०१८ पासून हिंदी महासागरासाठीचं माहिती केंद्र आहे, तिथे परदेशी नौदलांचे अधिकारीही बसतात. आरोपी परदेशात पळाला असेल, तर राज्य पोलिसांची विनंती सीबीआयमार्फत इंटरपोलकडे जाते. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतपोल’ पोर्टलमुळे ही विनंती पूर्वीसारखी पत्रांच्या गठ्ठ्यात अडकत नाही.

एवढं पकडतात, मग आरोपी सुटतात कसे?

या प्रश्नासाठीच मी हे पान लिहायला घेतलं.

एनडीपीएस कायदा कडक आहे. व्यावसायिक प्रमाणाला, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या साठ्याला, दहा ते वीस वर्षांची शिक्षा. एमडीसाठी व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅम, हेरॉइनसाठी २५० ग्रॅम, गांजासाठी २० किलो. अशा गुन्ह्यात कलम ३७ मुळे जामीन दुर्मिळ, आणि दोषारोपपत्र दाखल करायला ९० ऐवजी १८० दिवस. कायदा इतका कडक, म्हणून पोलिसांवरची बंधनंही तितकीच काटेकोर. मिळालेली खबर लिहून ठेवायची आणि ७२ तासांत वरिष्ठांना कळवायची (कलम ४२). अंगझडतीपूर्वी आरोपीला सांगायचं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे (कलम ५०). नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढून प्रमाणित करून घ्यायचे (कलम ५२अ). अटक-जप्तीचा अहवाल ४८ तासांत पाठवायचा (कलम ५७). आता झडतीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे.

त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूफान सिंग खटल्यात सांगितलं की कलम ६७ खाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. ‘मला माल अमक्याने दिला’ एवढ्यावर त्या अमक्याला शिक्षा होत नाही. फोनचे तपशील, बँकेचे व्यवहार, टोलनाक्याचं चित्रीकरण, भाडेकरार असं काहीतरी स्वतंत्र उभं करावं लागतं. हा निर्णय मला योग्य वाटतो. मारून घेतलेल्या जबाबावर वीस वर्षं कोणी आत जाऊ नये.

पण त्यामुळे राज्यांच्या सहकार्याचा अर्थच बदलला. आता नुसती माहिती देऊन भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. सुरतच्या टपरीवरचं चित्रीकरण पंधरा दिवसांत पुसलं जाणार असेल, तर ते जपून ठेवायला सुरतच्या पोलिसांनी आजच्या आज जायला हवं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडायला हवं. परगावचे पंच दोन-तीन वर्षांनी साक्षीला यायला हवेत.

एक खटला मी शेवटपर्यंत पाहिला. दोन जिल्ह्यांच्या पथकांनी मिळून माल पकडला होता. मुद्देमाल एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात गेला, आणि मुद्देमाल कारकुनाच्या वहीत मधल्या चार दिवसांची नोंदच नव्हती. पाकिटावरच्या सीलचं वर्णन पंचनाम्यात वेगळं, रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात वेगळं. न्यायाधीशांनी आरोपीला सोडलं. दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं. बाहेर आल्यावर तपास अधिकारी जिन्यावर बसून राहिले. आठ महिने ते घरी नीट जेवले नव्हते. माल खरा होता असं मलाही वाटत होतं, पण मला काय वाटतं याला किंमत नाही, वहीतल्या नोंदीला आहे.

बातम्यांत येणारे कोट्यवधींचे आकडे खरे असतात का?

तो सहसा आंतरराष्ट्रीय बाजारातल्या किरकोळ भावाचा अंदाज असतो. तोच माल घाऊक भावात कितीतरी स्वस्त. बातमी वाचताना रुपये सोडा, किलो पाहा. आणि आठवड्याभराने पुढच्या टोकाची अटक झाली का, ते पाहा.

पैसा गोठवतात का?

हो. याच कायद्यात मालमत्ता शोधून गोठवण्याची तरतूद आहे, आणि सक्षम प्राधिकाऱ्याने ३० दिवसांत त्याला दुजोरा द्यावा लागतो. माल एका राज्यात आणि फ्लॅट दुसऱ्यात असतो, त्यामुळे इथेही नोंदणी कार्यालयं, बँका आणि परराज्यातले पोलीस सोबत लागतात. माझ्या पाहण्यात तपासाचा हा भाग सगळ्यात कमी वेळा पूर्ण होतो. टोळीला मात्र तोच सगळ्यात जास्त झोंबतो.

माहिती द्यायची तर कुठे? माझं नाव उघड होईल का?

जुलै २०२४ पासून ‘मानस’ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, क्रमांक १९३३. नाव न सांगता माहिती देता येते. खबर कोणी दिली हे सांगण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, असं कायद्याचं कलम ६८ म्हणतं. जागा, वेळ, गाडीचा क्रमांक असं नेमकं सांगा. स्वतः पाठलाग करू नका, चित्रीकरण करायला जाऊ नका.

माझा मुलगा घेतो. मी सांगितलं तर त्यालाच आत टाकतील का?

एका सभेनंतर सगळे गेल्यावर एक आई थांबली आणि हे विचारलं. तिला सांगितलं तेच इथे लिहितो. सेवन हाही गुन्हा आहे, कलम २७ खाली सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. म्हणून आधी पोलीस नाही, आधी उपचार. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात. त्या आईने दोन्ही गोष्टी पदराआड धरलेल्या मोबाइलमध्ये लिहून घेतल्या आणि विचारलं, "आत्ता, या वेळेला लागेल का फोन?" आम्ही तिथेच पायरीवर बसून लावला.